किंमत किती वेळा विचारली?

व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली साठवणीची जागा, हे प्रोग्रामिंगच्या पहिल्याच तासाला शिकवतात. जागेत किंमत ठेवायची आणि हवी तेव्हा वाचायची. वाचल्याने काही बदलत नाही, दहा वेळा वाचली तरी दहाही वेळा तेच हाती येतं. बहुतेक स्क्रिप्टिंग भाषांनी मात्र ही समजूत मोडायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. व्हेरिएबल वाचताना किंवा त्यात लिहिताना आपलं फंक्शन मध्ये उभं करता येतं. पर्लमध्ये याला टाय म्हणतात, टीसीएलमध्ये ट्रेस, जावास्क्रिप्टमध्ये प्रॉक्सी. ल्युआमध्ये हेच काम मेटाटेबल करतं आणि कॉर्न शेलच्या १९९३च्या आवृत्तीत डिसिप्लिन फंक्शन. वाटेवर असा जकात नाका बसला की जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक खेपेची नोंद व्हायला हवी, आणि एका खेपेची एकदाच व्हायला हवी.

ही अपेक्षा साधी वाटते, पण ती पुरी होते की नाही हे तपासायला भाषा घडवणाऱ्यांना वर्षानुवर्षं लागली आहेत. ‘किंमत बरोबर आली का’ एवढंच विचारणारी चाचणी अशा व्हेरिएबलबाबत जवळजवळ निरुपयोगी असते. हॅंडलर, म्हणजे मध्ये उभं केलेलं ते फंक्शन, किती वेळा बोलावला गेला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या क्षणी, हे तिने मोजलं पाहिजे. ज्या भाषांनी हे मोजमाप मनापासून केलं तिथे ही सोय भरवशाची झाली. जिथे ते झालं नाही तिथे ती प्रात्यक्षिकापुरती उरली.

या विषयाचा सगळ्यात समृद्ध इतिहास पर्लकडे आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८७मध्ये प्रसिद्ध केली. त्या पुडक्यातच चाचण्यांचा एक संच होता. प्रत्येक चाचणी ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ आणि आपला क्रमांक छापायची. पुढे टॅप या नावाने सर्वत्र पसरलेल्या चाचणी-संकेताचं मूळ तेच. १९९४मध्ये पर्ल ५ आलं आणि त्यासोबत टाय आला. त्याआधी डीबीएमओपन नावाचं फंक्शन एखादा हॅश डिस्कवरच्या डीबीएम फाइलशी जोडू शकत असे. टायने ती कल्पना सर्वांसाठी खुली केली. साध्या स्केलरसाठी ऑब्जेक्ट घडवणारी एक मेथड आणि फेच, स्टोअर अशा तीन मेथड्स लिहिल्या की पुरे. हॅशसाठी त्यात अस्तित्व तपासणं, काढून टाकणं, पहिली किल्ली, पुढची किल्ली अशा आणखी मेथड्स येतात. अ‍ॅरेच्या बाबतीत पर्ल ५च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत वाचणं-लिहिणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. पुश, पॉप, लांबी बदलणं हे सगळं ५.००५मध्ये आलं. या सोयीवर मोठमोठी कामं उभी राहिली. डीबी_फाइलने बर्कली डीबीचा साठा हॅशसारखा हाताळता आला. मार्क जेसन डॉमिनस यांच्या टाय::फाइलमुळे मजकुराच्या फाइलची प्रत्येक ओळ अ‍ॅरेचा एकेक घटक झाली. तिथे घटकाला नवी किंमत दिली की फाइलमधली ओळ बदलते.

पर्लच्या आत हे घडतं कसं, हे कळल्याशिवाय चाचण्यांचं महत्त्व ध्यानात येत नाही. प्रत्येक किंमतीला ‘मॅजिक’ नावाची एक साखळी जोडता येते. टाय केलं की त्या साखळीत एक दुवा पडतो. त्यानंतर त्या किंमतीला हात लावणाऱ्या प्रत्येक सी फंक्शनने वाचण्याआधी ‘मॅजिक आहे का’ असं विचारायचं आणि असेल तर फेचला बोलावायचं. पर्लमध्ये क्रिया शेकड्यांनी आहेत: बेरीज, जोडणी, तुलना, साचा जुळवणं, फाइल आहे का ते पाहणं, सॉर्ट, स्प्रिंटएफ. त्या प्रत्येकीच्या लेखकाने हा नियम पाळायला हवा. नाही पाळला तर जुनीच किंमत वापरली जाते. दोनदा पाळला, म्हणजे एकदा संख्या आहे का हे बघताना आणि पुन्हा संख्या काढताना, तर फेच दोनदा धावतं. साध्या व्हेरिएबलवर दोन्ही चुका अदृश्य राहतात. म्हणूनच त्या इतकी वर्षं टिकल्या.

यासाठी पर्लच्या चाचणीसंचात ‘टाय फेच काउंट’ नावाची एक फाइल आहे. स्क्रिप्टिंग भाषांच्या चाचण्यांमधली ही मला सर्वांत शहाणी फाइल वाटते. तिची रचना अगदी लहान आहे. फेच एक मोजणी वाढवते आणि किंमत परत देते, स्टोअर जवळजवळ काहीच करत नाही. मग एकेक क्रिया करायची आणि लगेच ‘चेक’ला बोलावायचं. चेक मोजणी पाहतं, अपेक्षित आकड्याशी ताडतं आणि मोजणी पुन्हा शून्यावर आणतं. वेगळं काही सांगितलं नसेल तर अपेक्षा एकची. नेमणूक, अधिक-उणे, वाढवणं-कमी करणं, तार्किक क्रिया, डिरेफरन्सिंग, फाइलच्या कसोट्या अशी भाषेची जवळजवळ सगळी वर्णमाला त्यात ओळीने येते. वाचायला कंटाळवाणी आहे खरी, पण सगळी ताकद त्या कंटाळवाण्या ओळींतच आहे. एखादी क्रिया सुटली तर नेमकी तिथेच चूक लपते.

त्यातला एक प्रसंग उलगडून पाहण्यासारखा आहे. डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना एकच टाय केलेलं व्हेरिएबल असेल, म्हणजे एक्स वजा एक्स, तर काय व्हावं? समजा फेच दर खेपेला पुढची संख्या देते. मग पहिल्या वाचनाला १ आणि दुसऱ्याला २ यायला हवेत आणि उत्तर उणे १ यायला हवं. पण दोन्ही बाजूंचे पॉइंटर एकाच जागेकडे असतात. दुसऱ्या फेचने ती जागा बदलली की पहिल्या वाचनाची किंमत पुसली जाते आणि उत्तर शून्य येतं. इथे फेच दोनदाच धावलेलं असतं, मोजणी बरोबर असते, उत्तर तेवढं चुकतं. म्हणून दोन्ही बाजू एकच आहेत असं दिसलं तर डाव्या बाजूची आधी प्रत काढून ठेवायची, अशी खास व्यवस्था पर्लच्या इंटरप्रिटरमध्ये करावी लागली. नुसती मोजणी पुरत नाही, दर वेळी वेगळी किंमत देणारा हॅंडलर हवा, हा धडा यातून मिळतो.

२०११चं ५.१४ आणि २०१२चं ५.१६ या आवृत्त्यांच्या बदलनोंदी वाचल्या तर टाय आणि मॅजिकबद्दलच्या दुरुस्त्या ओळीने दिसतात. अमुक क्रिया फेचला दोनदा बोलावत होती, तमुक बोलावतच नव्हती. त्यातली एकेक नोंद क्षुल्लक वाटेल. एकत्र वाचल्या की भाषेने दिलेलं एक वचन हळूहळू पुरं होताना दिसतं. टायची माहिती देणाऱ्या दस्तऐवजात प्रत्येक क्रियेसाठी ‘फेच नेमकं इतक्या वेळा’ असा तक्ता नाही. तो तक्ता चाचणीच्या फाइलमध्ये आहे, आणि व्यवहारात करार म्हणून तोच चालतो.

पर्लची आणखी एक फाइल, नुसती ‘टाय’ नावाची, वेगळ्या तऱ्हेने लिहिलेली आहे. तिच्यात छोटे छोटे स्वतंत्र प्रोग्राम आहेत, मध्ये हॅश चिन्हांची रेघ, आणि प्रत्येकाखाली अपेक्षित आउटपुट. प्रत्येक प्रोग्राम नव्या पर्ल प्रोसेसमध्ये चालतो. कारण उघड आहे: इथे तपासले जाणारे प्रसंग इंटरप्रिटरच पाडू शकतात. हॅश स्वतःशीच टाय केला तर? टाय सोडवताना आतल्या ऑब्जेक्टचे संदर्भ कुठे बाकी असतील तर? पहिल्याला पर्ल स्पष्ट नकार देतं, दुसऱ्याला इशारा. एक प्रोग्राम कोसळला म्हणून पुढच्या चाचण्या अडून राहू नयेत, एवढा साधा विचार या मांडणीमागे आहे.

चाचणीच व्हेरिएबलला हात लावते, ही अडचण या विषयात पदोपदी भेटते. ‘किंमत तीन आहे का’ असं टेस्ट फंक्शनला विचारायला सांगितलं की ते फंक्शन स्वतःच फेचला बोलावतं. चाचणी नापास झाली तर संदेश छापण्यासाठी पुन्हा बोलावतं. म्हणजे मोजणाराच मोजणी बिघडवतो. म्हणून किंमत आधी साध्या व्हेरिएबलमध्ये उतरवायची, मोजणी बाजूला टिपायची आणि मगच तुलना करायची. पर्लच्या गाभ्याच्या चाचण्यांत ही काळजी आणखी एका पातळीवर घेतलेली आहे. अगदी मूलभूत चाचण्या फक्त प्रिंट वापरून लिहिलेल्या आहेत, आणि बाकीच्यांसाठी सर्वज्ञात टेस्ट::मोअरऐवजी गाभ्यापुरती एक हलकी फाइल आहे. ज्या भाषेची परीक्षा घ्यायची तिच्याच गुंतागुंतीच्या सोयींवर परीक्षक उभा करायचा नाही, असा तो संकेत. मोजणी न बिघडवता पाहण्याची गरज नोड.जेएसमध्ये दुसऱ्या वाटेने भागवली आहे. तिथल्या इन्स्पेक्ट फंक्शनला सांगून प्रॉक्सीमागचा टार्गेट, म्हणजे मूळ ऑब्जेक्ट, आणि हॅंडलर पाहता येतात, आणि असं डोकावताना ट्रॅप, म्हणजे हॅंडलरमधली अडवणारी फंक्शन्स, धावत नाहीत.

टीसीएलचा मार्ग पर्लहून वेगळा आहे. मला तो अधिक प्रेमळ वाटतो, कारण तो थेट पडद्यासमोरच्या माणसापर्यंत पोचतो. जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत १९८८च्या सुमारास टीसीएल बांधलं. त्यासोबतच्या ‘टीके’ या खिडक्या-बटणं रचणाऱ्या संचात लेबलला एखादं व्हेरिएबल जोडता येतं. व्हेरिएबल बदललं की लेबलवरचा मजकूर आपोआप बदलतो. त्यामागे ट्रेसच असतो. पायथनच्या टीकेइंटरमधली स्ट्रिंगव्हार वापरणारे विद्यार्थी नकळत हीच यंत्रणा वापरत असतात.

टीसीएलच्या ट्रेसच्या चाचण्या नोंदवही ठेवतात. हॅंडलर आपल्याला मिळालेली माहिती (व्हेरिएबलचं नाव, अ‍ॅरेतली किल्ली, क्रियेचा प्रकार) एका जागतिक व्हेरिएबलमध्ये लिहितो, आणि शेवटी ती सगळी यादी अपेक्षेशी जुळवली जाते. एकाच व्हेरिएबलवर दोन-तीन ट्रेस असतील तर सर्वांत शेवटी लावलेला सर्वांत आधी धावतो. हा क्रम तपासण्यासाठी प्रत्येक हॅंडलर आपली खूण त्या यादीत जोडतो. मोजणीपेक्षा नोंदवही जास्त बोलते: किती वेळा हे तर कळतंच, शिवाय क्रमही कळतो. हॅंडलरने मुद्दाम एरर दिली तर वाचणं किंवा लिहिणं फसलं पाहिजे, याचीही चाचणी आहे. प्रोसिजर संपून स्थानिक व्हेरिएबल नाहीसं होतं तेव्हा अनसेटचा ट्रेस धावतो का, याचीही आहे. स्वतःच स्वतःला बोलावणाऱ्या हॅंडलरचा प्रश्न टीसीएलने नियमानेच मिटवला. हॅंडलर चालू असेपर्यंत त्या व्हेरिएबलवरचे ट्रेस बंद. त्यामुळे हॅंडलरच्या आत तेच व्हेरिएबल निर्धास्त वाचता येतं.

टीसीएलमधला एक बारकावा अनुभवी माणसांनाही चकवतो. व्हेरिएबल अस्तित्वात आहे का, असं नुसतं विचारलं तरी वाचण्याचा ट्रेस धावतो. हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. न जन्मलेलं व्हेरिएबल पहिल्या वाचनाच्या क्षणी निर्माण करणारा ट्रेस असू शकतो. त्याला संधी न देता ‘नाही’ म्हणणं खोटं ठरेल.

जावास्क्रिप्टने २०१५च्या प्रमाणात प्रॉक्सी आणला तेव्हा तिसरा मार्ग निवडला: क्रम आणि संख्या थेट प्रमाणग्रंथातच लिहायची. टॉम व्हान कुत्सेम आणि मार्क मिलर यांच्या आराखड्यातून ही रचना आली. तिच्यात आज १३ ट्रॅप आहेत. एखादा ऑब्जेक्ट स्प्रेड केला की आधी सगळ्या किल्ल्या मागवल्या जातात, मग प्रत्येक किल्लीचं वर्णन आणि मग तिची किंमत. हे इंजिनाच्या लहरीवर सोडलेलं नाही. त्यामुळे टेस्ट२६२ या सामाईक चाचणीसंचात ट्रॅपच्या नोंदी शब्दशः ताडता येतात. तिथे एक फार उपयोगी सोय आहे. हॅंडलरमध्ये आपल्याला अपेक्षित असलेले ट्रॅप तेवढे लिहायचे. बाकीचे सगळे ट्रॅप धावले की चाचणी नापास करतात. अपेक्षित गोष्ट घडली का, याच्याइतकंच अनपेक्षित काही घडलं नाही ना, हेही तपासलं जातं. पर्ल आणि टीसीएलच्या चाचण्यांना इतका कडक नकार साधलेला नाही.

प्रॉक्सीवर एक बंधनही आहे, आणि ते मला योग्य वाटतं. टार्गेटमधला गुणधर्म बदलता न येणारा आणि पुन्हा ठरवता न येणारा असेल, तर ट्रॅपने त्याची वेगळी किंमत सांगितल्यास भाषा टाइपएरर देते. हॅंडलरला खोटं बोलायची मुभा आहे, पण ऑब्जेक्टने आधी दिलेल्या हमीविरुद्ध नाही. याच्या चाचण्या हॅंडलरला मुद्दाम खोटं बोलायला लावूनच लिहाव्या लागतात.

प्रत्यक्ष वापरात मात्र प्रॉक्सीचे अनपेक्षित कोपरे लवकर भेटतात. प्रॉक्सी केलेल्या अ‍ॅरेवर पुश केलं की सेट ट्रॅप दोनदा धावतो: एकदा नव्या घटकासाठी, एकदा लांबीसाठी. ‘बदल झाला की सर्व्हरला कळव’ असं लिहिणाऱ्याकडून दोन निरोप जातात. मॅपभोवती प्रॉक्सी गुंडाळून त्याची गेट मेथड थेट बोलावली तर टाइपएरर येते, कारण मॅपचा खरा साठा अशा आतल्या कप्प्यात असतो जिथे प्रॉक्सी पोचत नाही. व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या तिसऱ्या आवृत्तीने २०२०मध्ये प्रॉक्सी स्वीकारला. दुसऱ्या आवृत्तीत ऑब्जेक्टला नवा गुणधर्म जोडलेला किंवा अ‍ॅरेचा घटक क्रमांकाने बदललेला कळतच नसे, ती अडचण त्याने सुटली. तरी मॅप आणि सेटसाठी वेगळे हॅंडलर लिहावेच लागले.

इतर भाषांकडे धावती नजर टाकली तर ही सोय किती वेगवेगळ्या ठिकाणी अर्धी राहते ते दिसतं. पायथनमध्ये साध्या नावाला दिलेली नवी किंमत अडवता येत नाही, फक्त ऑब्जेक्टचे गुणधर्म अडवता येतात. शिवाय डिक्टचा उपवर्ग करून कंसातलं वाचन बदललं, तरी गेट मेथड त्याला विचारत नाही. रूबीचं ट्रेस_व्हार फक्त जागतिक व्हेरिएबलसाठी आणि फक्त नेमणुकीसाठी आहे. पीएचपीत जादुई गेटमधून आलेल्या अ‍ॅरेत भर घातली, तर त्या अप्रत्यक्ष बदलाचा परिणाम होणार नाही अशी सूचना येते आणि भर हवेत विरते. ल्युआची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. तिथे मेटाटेबलचा हॅंडलर फक्त किल्ली नसेल तेव्हाच धावतो. म्हणून सगळी वाचनं अडवायची तर रिकामं टेबल पुढे करून खरं टेबल मागे लपवावं लागतं. पण मग ५.१मध्ये पेअर्सने फिरलं की टेबल रिकामं दिसायचं. २०११च्या ५.२ने पेअर्सला आणि लांबीच्या क्रियेला मेटामेथडकडे वळवलं, २०१५च्या ५.३ने टेबल लायब्ररीलाही. अडवण्याची सोय एका दिवशी येते, ती सगळीकडे पोचायला दहा-दहा वर्षं जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. एक कारण सुरक्षिततेचं आहे. एखादं फंक्शन किंमत तपासतं आणि मग वापरतं. तपासताना एक फेच, वापरताना दुसरं. दोन्हींमध्ये किंमत वेगळी आली तर तपासणीला अर्थच उरत नाही. इंजिनाच्या सी किंवा सी++ कोडमध्ये हाच प्रकार मेमरीपर्यंत जातो. वेबकिटमधला सीव्हीई-२०१६-४६२२ हा दोष त्याचं प्रसिद्ध उदाहरण. अ‍ॅरेच्या स्लाइस मेथडने लांबी आधी वाचून ठेवली, मग एका आर्ग्युमेंटचं संख्येत रूपांतर करताना वापरकर्त्याचं फंक्शन धावलं, त्याने अ‍ॅरे आखूड केला, आणि स्लाइसने जुन्या लांबीवर विसंबून अ‍ॅरेच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली. तिथे प्रॉक्सी नव्हता, पण दुखणं तेच: साध्या दिसणाऱ्या वाचनाच्या मध्ये परका कोड शिरतो आणि इंजिनाचा लेखक ते विसरतो. म्हणून हॅंडलरला मुद्दाम वाईट वागायला लावणाऱ्या चाचण्या हव्यात. वाचता वाचता अ‍ॅरे रिकामा करणारा, टाय सोडवून टाकणारा, एरर फेकणारा हॅंडलर. पर्लच्या संचात अशा चाचण्या आहेत, पण बहुतेक एखादा दोष सापडल्यानंतर लिहिलेल्या. क्रियांच्या यादीवर पद्धतशीर फिरून त्या लिहिल्या गेल्या नाहीत, ही मला या क्षेत्रातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

दुसरं कारण वेगाचं. इंटरप्रिटर जलद करणारा प्रत्येक बदल अडवलेल्या व्हेरिएबलला धोका असतो, कारण वाचनं टाळणं, एकत्र करणं, मागेपुढे करणं यातूनच वेग मिळतो. टीसीएल ८.०ने १९९७मध्ये बाइटकोड आणला तेव्हापासून तिथे ‘या व्हेरिएबलवर ट्रेस नाही ना’ हे पाहूनच जलद वाट घेतली जाते. पर्ल ५.२८ने २०१८मध्ये अनेक तुकडे एका फटक्यात जोडणारी मल्टिकॉनकॅट ही क्रिया आणली. तिच्या कोडमध्ये, तुकड्यांत एखादी मॅजिकवाली किंवा ओव्हरलोड केलेली किंमत दिसली की जुन्या पद्धतीने एकेक जोड करणारी सावकाश वाट वेगळी ठेवली आहे. ही वाट जुन्या वागणुकीशी जुळते की नाही, हे पाहायला आधीपासून लिहिलेल्या मोजणीच्या आणि क्रमाच्या चाचण्याच हाताशी होत्या.

राहतो तो भाषेबाहेरचा कोड. सीपॅन या पर्ल मॉड्यूल्सच्या सामाईक साठ्यावर सीमध्ये लिहिलेली असंख्य मॉड्यूल्स आहेत. त्यांना मिळणारं आर्ग्युमेंट टाय केलेलं असू शकतं. स्ट्रिंग काढणाऱ्या पर्लच्या सी मॅक्रोंचे दोन प्रकार आहेत, एक मॅजिकला विचारणारा आणि एक न विचारणारा. आधी विचारून झालं असेल तर पुढे दुसराच वापरायचा असतो. हा भेद न कळलेल्या मॉड्यूलमध्ये दुहेरी फेच जिवंत राहतो, आणि पर्लच्या गाभ्याची मोजणीची फाइल तिथपर्यंत पोचत नाही. उपाय अवघड नाही. मॉड्यूलच्या चाचण्यांत प्रत्येक फंक्शनला एकदा साधी किंमत द्यावी, आणि एकदा दर वाचनाला वेगळं काही देणारं टाय केलेलं व्हेरिएबल द्यावं. मग फंक्शन परतल्यावर मोजणी एक आहे का ते पाहावं. त्यासाठी लागणारा वर्ग तीन छोट्या मेथड्सचा आहे. गाभ्याच्या फाइलमधून तो जसाच्या तसा उचलता येतो, फक्त फेचमध्ये मोजणीचाच आकडा परत द्यायचा.